रविवारपर्यंत पैसे भरू नकोस

प्रश्न : ताई, मी कऱ्हाडची. वय २९, बी.कॉम. झालंय, मुलगा पहिलीत आहे, मिस्टर साखर कारखान्यात आहेत. मला ब्युटी थेरपिस्ट व्हायचंय. नुसतं आयब्रो-वॅक्सिंग नाही. मसाज, अरोमा, सगळं. पुण्यातल्या एका अकॅडमीत चौकशी केली. चार महिन्यांचा ‘आंतरराष्ट्रीय डिप्लोमा’, शनिवार-रविवार पाच-पाच तास, फी १,८५,०००. या रविवारपर्यंत भरली तर वीस हजार कमी, शिवाय ‘होलिस्टिक थेरपी’चं दोन दिवसांचं सर्टिफिकेट फुकट. माझ्याकडे साठवलेले ९०,००० आहेत. उरलेल्याचे हप्ते करून देतो म्हणाले, नाहीतर पाटल्या मोडेन. आमच्या इथल्या पार्लरवाल्या काकू १५,००० घेऊन दोन महिन्यांत शिकवतात, पण सर्टिफिकेट त्यांचं स्वतःचंच. मैत्रीण म्हणते, आयटीआय कर. नणंद दुबईला असते, ती म्हणते, इंटरनॅशनल सर्टिफिकेट असेल तर स्पामध्ये काम मिळेल. आणि सासूबाई म्हणतात, लोकांचे पाय चोळायला शिकायचं तर दोन लाख कशाला? मी काय करू? मला अगं-तुगं केलंत तरी चालेल.
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर :

अगं, पाटल्या आधी कपाटात ठेव. रविवार येऊ दे आणि जाऊ दे. ज्या क्लासची सवलत या रविवारी संपते, त्याची पुढच्या रविवारी पुन्हा सुरू होते, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. डोंबिवलीत सव्वीस वर्षं पार्लर चालवलं, त्यातली बारा वर्षं मुलींना शिकवलं. या धंद्यात सवलतीची तारीख गिऱ्हाइकाकडे बघून ठरते.

आता हिशेब करू. तू बी.कॉम. आहेस, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं जमेल. चार महिने म्हणजे सतरा शनिवार-रविवार धर. चौतीस दिवस, दिवसाला पाच तास, एकूण १७० तास. त्यातून चहा, दिवाळीची सुट्टी, मॅडम लग्नाच्या ऑर्डरला गेल्या तो दिवस, हे सगळं वजा कर. सवलत धरूनही तू तासाला जवळजवळ हजार रुपये मोजणार. वर कऱ्हाड ते पुणे १६० किलोमीटर. एसटीचं तिकीट बायकांना अर्धं झालंय खरं, पण वेळ काही अर्धा होत नाही. शनिवारी रात्री मुक्काम कुठे करणार, ते तू पत्रात लिहिलंच नाहीस.

या १७० तासांच्या शेजारी दुसरे आकडे मांडून बघ. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजी नावाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यात १२०० तासांचं शिक्षण असतं आणि वर १५० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी काढायचे असतात. ‘आंतरराष्ट्रीय’ म्हटल्यावर आमच्या धंद्यात पहिलं नाव निघतं ते सिडेस्कोचं. ही संस्था १९४६ मध्ये ब्रुसेल्सला सुरू झाली, आता तिचं मुख्य कार्यालय झुरिकला आहे. तिच्या ब्युटी थेरपी डिप्लोमालाही किमान १२०० तासांचं प्रशिक्षण लागतं आणि परीक्षा पास झाल्यावर ६०० तास काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो. म्हणजे आपलं सरकार आणि झुरिकची संस्था, दोघांनी एकमेकांना न विचारता बाराशे हाच आकडा काढला. तुझी अकॅडमी तेच काम १७० तासांत उरकते. मग त्यांच्या डिप्लोमातलं ‘आंतरराष्ट्रीय’ नेमकं कुठल्या राष्ट्राचं, हे त्यांनाच विचार.

विचारताना शब्द नीट वापर. ‘तुमचा कोर्स मान्यताप्राप्त आहे का?’ असं विचारू नकोस. ‘हो’ म्हणतील आणि भिंतीवरची फ्रेम दाखवतील. त्या फ्रेममध्ये बहुतेक वेळा तीनपैकी एक कागद असतो. एक, उद्यम नोंदणी, जी लोणच्याचा घरगुती धंदा करणाऱ्या बाईलाही मिळते. दोन, शॉप अ‍ॅक्टची नोंद. तीन, आयएसओचा शिक्का. आयएसओ हे कारभाराच्या पद्धतीचं प्रमाणपत्र असतं. फेशियल कसं शिकवतात ते बघायला त्यातलं कोणी येत नाही. तिन्ही कागद खरे असतात, पण त्यांचा तुझ्या शिक्षणाशी काही संबंध नसतो. ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड’ हे शब्द तेवढ्या जोरावर पाटीवर चढतात.

त्यापेक्षा असं विचार : परीक्षा कोण घेणार, तुम्ही की बाहेरचं कोणी? सर्टिफिकेटवर सही कोणाची? कोर्सचा राष्ट्रीय पात्रता नोंदवहीतला कोड काय? आपल्याकडे कौशल्य शिक्षणावर एनसीव्हीईटी ही केंद्र सरकारची परिषद देखरेख ठेवते आणि मान्य अभ्यासक्रमांची नोंदवही संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट, ब्युटी थेरपिस्ट असे कोर्स असतात, त्यांना कोड असतो. परदेशी संस्थेचं नाव घेतलं, मग ती सिडेस्को असो, आयटेक असो की सिबटॅक, तर त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर या केंद्राचं नाव शोध. अकॅडमीच्या माहितीपत्रकात नको शोधूस. नाव सापडलं नाही तर फोनवर वाद घालत बसू नकोस, ‘कळवते’ म्हण आणि ठेवून दे.

आता माझी गोष्ट सांगते, म्हणजे मी एवढं का बोलते ते कळेल.

१९९६ मध्ये मी दादरला तीन महिन्यांचा क्लास केला. क्लासचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. एका खुर्चीभोवती आम्ही बावीस जणी उभ्या. मॅडम कापायच्या, आम्ही बघायचो. मागच्या रांगेतल्यांना मॅडमचा अंबाडा दिसायचा. तीन महिन्यांत माझ्या हाताने पूर्ण केलेले फेशियल दोन, तेही शेजारच्या मुलीवर. शेवटी सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट मिळालं, ते आईने देवघराच्या वर लावलं. दोन वर्षांनी स्वतःचं पार्लर काढलं. एका बाईंच्या भावाचं लग्न होतं, त्यांनी आदल्या दिवशी केस काळे करून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे मिस्टर दारात. बाईंच्या दोन्ही पापण्या एवढ्या सुजलेल्या की डोळे उघडेनात. लग्नाच्या एकाही फोटोत त्या नाहीत. हेअर डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, ते काहींना सोसत नाही, म्हणून एक-दोन दिवस आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडं लावून बघायचं, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. पॅच टेस्ट हा शब्द डब्यावर बारीक अक्षरात छापलेला होता. मी तो वाचला त्या दिवशी संध्याकाळी.

डॉक्टरचा खर्च मी दिला. बाई सभ्य होत्या, पुढे कधी कुठे बोलल्या नाहीत. पण मी त्यानंतर क्लास निवडायची रीतच बदलली. स्वतः पुन्हा शिकायला गेले तेव्हा, आणि पुढे माझ्याकडच्या मुलींना कुठे पाठवायचं ते ठरवताना, मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारत आले : ‘फेशियल कोणाला करायचं नाही?’

तूही हाच प्रश्न विचार. पुण्यात विचार, काकूंना विचार, आयटीआयच्या बाईंनाही विचार. ‘सगळ्यांना चालतं, आमचे प्रॉडक्ट हर्बल आहेत’ असं उत्तर आलं तर चप्पल घालून बाहेर ये. चांगली शिकवणारी बाई या प्रश्नावर खुलते, थांबता थांबत नाही. ती सांगेल की जिच्या ओठावर जर, म्हणजे बारीक पाणीदार फोड, आलाय, तिचं फेशियल आज करायचं नाही. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत किंवा नुकत्याच थांबल्यात, तिच्या चेहऱ्याला वॅक्स लावायचं नाही, स्ट्रिपबरोबर कातडी निघते. पेसमेकर असेल तर हाय फ्रिक्वेन्सी आणि गॅल्व्हॅनिक ही विजेच्या प्रवाहाची मशीन लांब ठेवायची. शुगरच्या पेशंटच्या टाचेला पेडिक्युअरमध्ये ब्लेड लावायचं नाही, कारण तिच्या पायाला कापलेलं कळत नाही आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जोरात दाबायचं नाही. एकाच पायाची पोटरी सुजली आहे, गरम लागते, दुखते, तर मसाज मुळीच नाही. शिरेत गाठ असू शकते आणि चोळल्याने ती जागची हलू शकते. अशा बाईला सरळ डॉक्टरकडे पाठवायचं.

हे शेवटचं माझ्याकडे एकदा झालं. पन्नाशीच्या बाई, लांबचा प्रवास करून आलेल्या, डावी पोटरी टणक. मी हात लावायला नकार दिला, त्या रागावून समोरच्या पार्लरमध्ये गेल्या. पुढे काय झालं, मला कळलं नाही. सांगायचं काय, तर असा नकार द्यायला शिकवणारा क्लास महागात पडला तरी चालेल.

आता क्लास बघायला जाशील तेव्हाचं. फोनवर चौकशी पुरत नाही. बॅच चालू असताना जा आणि एक तास बसू द्या म्हण. बसू देत नसतील तर तेच उत्तर समज. बसू दिलं तर मॅडम काय बोलतात याच्याकडे फार लक्ष देऊ नकोस, वस्तूंकडे बघ. वॅक्सच्या डब्यात एकदा अंगाला लावलेला स्पॅच्युला परत बुडवतात का? कचऱ्याच्या डब्यात वापरलेल्या स्ट्रिप्स आणि कापूस दिसतो का, की डबा नुसता शोभेचा आहे? ब्लॅकहेड काढायची सळई एका मुलीच्या नाकावरून उचलून दुसरीच्या नाकावर जाते का? निळ्या दिव्याची पेटी बहुतेक ठिकाणी असते आणि तिला स्टरिलायझर म्हणतात. आत हत्यारं एकावर एक रचलेली असतील तर प्रकाश पोचेल तेवढ्यावरच पडतो. आधी न धुता ठेवलेल्या सळईचं त्यात काही होत नाही. जंतू खरोखर मारायचे तर ऑटोक्लेव्ह लागतो, म्हणजे दाबाखालची वाफ, १२१ अंश सेल्सिअसला किमान पंधरा मिनिटं. घरचा कुकर ज्या तत्त्वावर चालतो तेच. अकॅडमीत तो नसेल तर निदान धुणं, जंतुनाशकात बुडवणं, वेगळी हत्यारं वापरणं यातलं काय आणि किती वेळ करतात, ते विचार. दोन लाख मागणाऱ्याने कुकरएवढं यंत्र ठेवावं, ही काही मोठी अपेक्षा नाही.

टॉवेल मोज. गिऱ्हाइकाची माहिती भरायचा कागद आहे का बघ : आजार, औषधं, अ‍ॅलर्जी, गरोदरपण. तो कागद मुली खरंच भरून घेतात, की फायलीत एकच नमुना लावलेला आहे?

आणि तिथल्या विद्यार्थिनींना जिन्यात गाठ. त्यांना विचार, ‘तुझ्या हाताने आतापर्यंत किती फेशियल पूर्ण झाली? मॅडम शेजारी उभ्या होत्या का? मॉडेल कोणी आणली?’ बऱ्याच ठिकाणी मॉडेल आपणच आणायची असते. पुण्यात तुझी ओळख नाही, मग दर शनिवारी कऱ्हाडहून मावशीला घेऊन जाणार का? सामानाचे पैसे फीमध्ये आहेत की वेगळे, किट कोणत्या कंपनीचं, फीवर १८ टक्के जीएसटी धरलाय की शेवटी लावणार, हेही त्याच जिन्यात कळतं. काउंटरवर कळत नाही.

हप्त्यांबद्दल सावध करते. क्लास जेव्हा ‘हप्ते करून देतो’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा एखाद्या वित्त कंपनीकडून तुझ्या नावावर कर्ज निघतं. क्लासला पैसे पहिल्याच दिवशी मिळतात, तू कर्जदार होतेस. दुसऱ्या महिन्यात मुलाला ताप आला आणि तू जाणं सोडलंस, तरी हप्ता सुटत नाही. सही करण्याआधी कागद वाच, मध्येच सोडलं तर पैसे परत मिळण्याचा नियम लेखी माग आणि पावती संस्थेच्या नावाची घे. मॅडमच्या खात्यावर पैसे पाठवू नकोस. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. पण तक्रार करण्यात जी वर्षं जातात ती मी बघितली आहेत.

‘होलिस्टिक’ हा फुकटचा भाग तर मला जास्तच खटकला. दोन दिवसांत काय शिकवणार? अरोमाथेरपीतल्या सुगंधी अर्क-तेलांचं साधं प्रमाण बघ : अंगाच्या मसाजला साधारण दोन टक्के, म्हणजे ३० मिलिलिटर साध्या तेलात बारा थेंबांच्या आसपास. बर्गमॉट या लिंबाच्या जातीच्या फळाचं तेल लावून बाई उन्हात गेली तर कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. गरोदर बाईला कोणती तेलं नकोत, लहान मुलांजवळ कोणती नकोत, हे पाठ होईपर्यंतच दोन दिवस संपतात, हात बसायचं तर बाजूलाच राहिलं. हात बसतो तो माणसांवर. स्वीडिश मसाजच्या चार-पाच हालचाली आहेत. त्या बघून कळायला एक सकाळ पुरते, पण तासभर एकाच लयीत करायला आणि स्वतःचा अंगठा-मनगट न दुखवता करायला कित्येक महिने. त्याआधी स्नायू कुठून कुठे जातात, मणक्याच्या किती जवळ जायचं, मान कुठे सोडायची, हे शरीररचनेचं शिक्षण हवं. मान कडकन मोडून देणं हे आपलं काम नव्हे, कोणी कितीही आग्रह केला तरी. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. केस धुताना बेसिनवर मान मागे ताणून ठेवल्यानेही असं होऊ शकतं आणि त्याला नावच ब्युटी पार्लर स्ट्रोक पडलंय.

रेकी, रिफ्लेक्सॉलॉजी यांबद्दल माझं मत तुला कदाचित आवडणार नाही. पाय दाबून घेतल्यावर माणसाला बरं वाटतं, झोप लागते, हे मी रोज बघितलंय आणि त्याचे पैसे घेण्यात मला काही गैर वाटत नाही. पण तळव्यावरचा अमुक बिंदू दाबला की किडनी सुधारते, असं कोणी शिकवलं तर ते डोक्यात घेऊ नकोस आणि पाटीवर तर मुळीच लिहू नकोस. मधुमेह, वंध्यत्व, लठ्ठपणा असे बरेच आजार बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ चा केंद्राचा कायदा आहे, त्याखाली गुन्हा होतो. थेरपिस्ट या शब्दाने आपण डॉक्टर होत नाही. फिजिओथेरपी आणि पंचकर्म ही वेगळी शिक्षणं आहेत, त्यांच्या पदव्या वेगळ्या. बोटॉक्स, फिलर, गोरं करणारी सलाईन, यांचं ‘वर्कशॉप’ दोन दिवसांत देतो म्हणणारे हल्ली ब्युटिशियन मुलींना फोन करतात. तिकडे फिरकू नकोस, सुई डॉक्टरच्या हातातच ठेवायची. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये हेअर ट्रान्सप्लांटबद्दल सूचना काढल्या, तेव्हा डॉक्टरांनासुद्धा बजावलं की नुसतं वर्कशॉप किंवा यूट्यूब बघणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही. डॉक्टरांची ही गत, तर आपलं काय?

क्रीमच्या बाबतीतही तेच. अकोल्यातली २०२२-२३ च्या सुमाराची बातमी आठवत असेल : एकाच घरातल्या तिघी, स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेलं गोरं करणारं क्रीम, आणि तिघींच्या मूत्रपिंडांना इजा. मुंबईच्या केईएममध्ये तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. विकणारीला आपण काय विकतोय ते बहुधा ठाऊकही नसेल. तिला डब्यावरचं वाचायला कोणी शिकवलं नसेल, जसं मला नव्हतं शिकवलं. म्हणून क्लासमध्ये प्रॉडक्टचा तास कोण घेतं, ते विचार. कंपनीचा सेल्समन घेत असेल तर ती जाहिरात आहे, तास नव्हे.

मग करायचं काय? मी तुझ्या जागी असते तर पुढच्या सोमवारी काकूंकडे गेले असते. सर्टिफिकेटसाठी नव्हे. तुला हे काम आवडतं का, ते अजून तुलाच माहीत नाही. दिवसाला नऊ तास उभं राहणं, परक्या माणसाच्या काखेतलं वॅक्स, दर चार माणसांमागे एक जण ‘मागच्या वेळी जास्त चांगलं झालं होतं’ म्हणणारा. हे पंधरा हजारांत कळलं तर स्वस्त पडलं. पैसे मात्र दोन-तीन हप्त्यांत दे आणि आधी ठरवून घे की पहिल्या महिन्यापासून तुझा हात माणसांवर लागला पाहिजे. झाडू मारणं, टॉवेल धुणं यालाही ना नाही, तोही धंदाच आहे, पण नुसता तोच नको. पुण्यातल्या पॉश अकॅडमीत थ्रेडिंगचा हात बसत नाही, तो कऱ्हाडच्या पार्लरमध्ये सणाच्या आदल्या दिवशी बसतो. काकूंना माझा तो प्रश्न विचारायला विसरू नकोस. त्या थातुरमातुर बोलल्या तर दुसऱ्या काकू शोध.

त्याच काळात आयटीआयची चौकशी कर. दहावी पास असली की कॉस्मेटॉलॉजीला प्रवेश मिळतो, वरची वयोमर्यादा नाही, त्यामुळे २९ वर्षांची आई वर्गात बसली तर कोणी अडवत नाही. माझ्याकडे शिकलेल्या एकीने चौतिसाव्या वर्षी केलं आणि पहिल्या आठवड्यात मुली तिला मॅडम समजून उभ्या राहिल्या. सरकारी संस्थेची फी तुझ्या अकॅडमीच्या एका महिन्याच्या फीपेक्षाही कमी असते. तुमच्या भागात हा ट्रेड कुठे आहे, ते व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या प्रवेशाच्या संकेतस्थळावर दिसेल. दहावीचा निकाल लागला की अर्ज सुरू होतात. अडचण एकच, रोजचा वर्ग असतो. मुलाची शाळा आणि तुझी वेळ जुळते का, ते घरात बसून ठरवा. नाहीच जुळलं तर जन शिक्षण संस्थान, म्हणजे सरकारी मदतीने कौशल्यं शिकवणारी संस्था, विचारात घे. १९६७ मध्ये वरळीला श्रमिक विद्यापीठ म्हणून जे सुरू झालं, त्याचंच हे आजचं रूप, आता बऱ्याच जिल्ह्यांत आहे. पण ते मुख्यतः कमी शिकलेल्यांसाठी आणि शाळा सुटलेल्यांसाठी आहे. पदवीधर म्हणून तुला घेतील का, ते आधी विचार. नाहीतर सेक्टर स्किल कौन्सिलचा कोर्स चालवणारं केंद्र जवळपास शोध.

दुबईचं आत्ता डोक्यातून काढ. नणंदबाई चुकीचं सांगत नाहीत, अर्धवट सांगतात. तिकडे कागद चालायचा तर तो इथे राज्यात, मग परराष्ट्र मंत्रालयात, मग त्यांच्या वकिलातीत साक्षांकित व्हावा लागतो. आयटीआयचा कागद पहिल्या पायरीवर ओळखला जातो, कारण तो सरकारचाच. गल्लीतल्या अकॅडमीचा सोनेरी शिक्का तिथेच अडखळतो. शिवाय चांगले स्पा मुलाखतीत मसाज करून घेतात. मुलाखत घेणारी पालथी झोपते आणि पाच मिनिटांत तिला कळतं. आयटीआय झालं, दोन वर्षं काम झालं आणि तेव्हाही दुबई डोक्यात असेल, तर खऱ्या सिडेस्को किंवा आयटेक केंद्रात पैसे घाल. तेव्हा ते स्वतःच्या कमाईचे असतील. एजंट गाठलाच तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर नोंदलेला आहे का बघ. त्याची फी नियमाने ३०,००० रुपये अधिक जीएसटी, याच्या वर जाऊ शकत नाही. कोणी लाख मागितले तर तो एजंट नव्हे.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना एकदा सहज विचार, तुमच्या बाळंतपणात तेल लावायला कोण येत होतं? प्रत्येकीला त्या बाईचं नाव आठवतं, शेकशेगडी आठवते, ओव्याची धुरी आठवते. ती बाई पायच चोळत होती. तिचा हात चांगला म्हणून दुसऱ्या आळीतूनही बोलावणं यायचं, आणि तिने कुठल्या अकॅडमीत दोन लाख भरले नव्हते. म्हणजे बघ, सासूबाईंचा निम्मा मुद्दा बरोबरच आहे. पाय चोळण्याची लाज धरायचं कारण नाही. दोन लाखांबद्दल मात्र त्या आणि मी एका बाजूला.

ता. क. : काकूंकडे जाण्याआधी सपाट, मऊ तळाची चप्पल घे आणि खुर्चीची उंची तुझ्या कमरेनुसार लावून मागायला पहिल्या दिवसापासून संकोच करू नकोस. माझी कंबर गेली ती दादरच्या त्या खुर्चीमुळे, हे मी डॉक्टरांना अजून पटवते आहे.